घंटेचा मान

अगं, मार्गारेट आंटींना मी भलताच प्रश्न विचारला, ते तुला सांगायचं राहिलंच. इथे अमिरातीत, अल ऐनला त्या आमच्या शेजारी राहतात. इंग्लंडमधल्या आपल्या लहानशा गावच्या चर्चचा इतिहास त्या लिहीत होत्या, कारण माणसंच उरली नाहीत म्हणून ते चर्च नाताळच्या प्रार्थनेनंतर कायमचं बंद होणार होतं.

मी चहा घेऊन गेले, तर त्या वाचून दाखवायला लागल्या. हा पाद्री आला, तो गेला, त्याने छप्पर बांधलं. ऐकता ऐकता मला आमचं कोकणातलं देऊळ आठवलं. मी विचारलं, "आणि घंटेचा मान कुठल्या घराकडे?"

"मान म्हणजे?"

"आमच्याकडे पालखी कोणी उचलायची, निशाण कोणी धरायचं, ते घराघराचं ठरलेलं असतं. बाप गेला की मुलं करतात."

त्या हसल्या आणि इथल्या अरबी लाडाच्या शब्दाने मला म्हणाल्या, "आमच्यात असं काही नसतं, हबीब्ती. घंटा माझे डॅडी वाजवायचे. त्यांच्याआधी आजोबा."

"मग मान तुमच्याच घराचा की! आता कोण वाजवतं?"

आंटींनी हातातले कागद खाली ठेवले. चहावर साय धरली.

"कोणीच नाही. डॅडी गेल्यापासून दोर नुसता लटकतोय."

"भाऊ नाही तुम्हाला?"

"मी एकटीच."

उगाच विचारलं, असं वाटून मी कप उचलले आणि निघाले. दारापर्यंत पोचले, तेवढ्यात मागून हाक आली.

"मीना, नाताळात आठवडाभर माझ्या झाडांना पाणी घालशील?"