पोटातलं वर्ष

(नारीन शहरापासून दीड तासावरचं डोंगरातलं मेंढपाळांचं गाव, मार्चमधली उतरती दुपार. चुलीजवळच्या मेजावर चहा, बोरसोक म्हणजे तळलेले पिठाचे तुकडे आणि उघडा लॅपटॉप. बुरुल कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. अनारकुल तिची आई, सगळ्यांची 'आपा'. एलनुरा बुरुलची विद्यार्थिनी, तिला 'एजे' म्हणजे ताई म्हणणारी, लॅपटॉपच्या पडद्यावर.)

अनारकुल : ज्या वर्षी तुझ्या धाकट्या काकाचं लग्न झालं आणि नवरी आमच्या दारात येऊन घोड्यावरून पडली, त्या वर्षी. आणखी कसं सांगू?

बुरुल : आकड्यात सांग ना, आपा. तक्त्यात नवरी कुठे लिहू?

अनारकुल : का? गावात कुणालाही विचार, नवरी पडलेलं वर्ष सगळ्यांना ठाऊक आहे. एकोणीसशे त्र्याहत्तर म्हटलंस तर डोकं खाजवत बसतील.

बुरुल : त्र्याहत्तर! झालं की. त्या हिवाळ्यात शंभर मेंढ्यांमागे किती गेल्या?

अनारकुल : सात. लंगडत होती ती नवरी धरली तर आठ.

एलनुरा : हॅलो, एजे? ऐकू येतंय का? मी छपरावर आहे, नेट इथेच लागतं. खाली आई ओरडतेय की पडशील.

बुरुल : ऐकू येतंय. मधे बसून बोल, कडेला नको.

अनारकुल : ही कोण? आणि तुझा तो टकला मास्तर कुठे गेला? परवापर्यंत तोच बोलायचा यातून.

बुरुल : ही एलनुरा, माझ्या वर्गातली. आणि तो मास्तर म्हणजे व्हिडिओ होता आपा, परदेशातल्या कॉलेजचा. फुकट मिळतो.

अनारकुल : फुकट मिळतो म्हणून एवढा हसत होता?

एलनुरा : आपा, तो शिकवतो छान. पण दर धड्यात कॉफीचं दुकान. दिवसाला किती कप विकले, पावसात किती कप विकले. मी अजून एकदाही दुकानात कॉफी प्यायले नाही.

बुरुल : तेच ना. पोरं पाठ करायची, पेपरात लिहायची आणि विसरायची. म्हणून म्हटलं, पद्धत त्याची घ्या, आकडे आपले आणा. आपापल्या म्हाताऱ्यांकडे जा, हिवाळ्यामागून हिवाळा विचारा, शंभरातल्या किती मेंढ्या गेल्या ते लिहा. वीस म्हातारे झाले. तू एकविसावी.

अनारकुल : म्हणजे स्वतःच्या घरात सगळ्यात शेवटी विचारलंस.

बुरुल : तू टाळत होतीस. चार वेळा विचारलं, चारही वेळा तुला गाईची धार काढायची होती.

अनारकुल : गाईला काय सांगू, थांब म्हणून?

एलनुरा : एजे, आज सहाला तक्ता खुला होतोय, लक्षात आहे ना? बिश्केक, ओश, सगळ्या कॉलेजांना. एकदा खुला झाला की नंतर बदलता येत नाही. आणि एक भानगड आहे. कोऱ्या जागा फार आहेत. अठ्ठ्याहत्तर साली अकरा म्हाताऱ्यांनी आकडा दिला नाही, एकोणऐंशी साली नऊ जणांनी.

अनारकुल : एकोणऐंशी? त्या हिवाळ्यात कुणाचं काय बिघडलं होतं? गवत गुडघाभर होतं. शेजारच्या तोक्तोबेकनं थोरल्याचं बारसं घातलं, घोडा कापला.

एलनुरा : पण तोक्तोबेक-आकेच तर म्हणाले! माझ्याकडे लिहिलंय. 'मी अडतीस वर्षांचा होतो, तो हिवाळा सोड पोरी.' त्यांचा पासपोर्ट पाहिला मी. जन्म एक्केचाळीस. त्यात अडतीस मिळवले, एकोणऐंशी.

अनारकुल : त्याच्या पासपोर्टात पोटातलं वर्ष लिहिलंय का?

एलनुरा : कसलं वर्ष?

अनारकुल : पोटातलं! आईच्या पोटात नऊ महिने तो काय जिवंत नव्हता? आमच्यात माणूस जन्मतो तोच एक वर्षाचा होऊन. तोक्तोबेक अडतीस म्हणाला तर तुमच्या कागदावर सदतीस. बुरुल, एवढं शिकवत नाहीस तू यांना?

बुरुल : देवा. एलनुरा, माझ्या लक्षातच आलं नाही. शहरातल्या पोरांनी आजोबांना वर्ष विचारलं, त्यांचं बरोबर आलं. गावातल्यांनी वय विचारलं, त्यांचं सगळं एक वर्ष पुढे गेलं.

एलनुरा : म्हणजे जी पोरं आजीच्या मांडीवर वाढली तीच चुकली!

अनारकुल : मांडीवर बसून फोन बघत असतील.

एलनुरा : थांबा, नऊ जणांचे आकडे एकेक घर मागे सरकवते. झालं... एजे. बघताय का?

बुरुल : बघतेय.

एलनुरा : वीसच्या वीस कोऱ्या जागा एका रांगेत. सगळ्या अठ्ठ्याहत्तरात. वरपासून खालपर्यंत पांढरी पट्टी.

बुरुल : आपा, मघाशी आपण मागे मागे येत होतो तेव्हा तू मला एकोणऐंशी सांगितलंस. सहा. मग थेट सत्त्याहत्तर. मी लिहिण्याच्या नादात पुढे गेले.

अनारकुल : चहा गार झाला. नवा टाकते.

बुरुल : बस, आपा.

एलनुरा : काळजी नको एजे, कोऱ्या जागा मी कालच भरून ठेवल्यात. सहावा धडा, जिथे माहिती नाही तिथे सरासरी भरा. नऊ आली. बटण दाबलं की पट्टी गायब. हे बघा.

अनारकुल : नऊ काय?

एलनुरा : शंभरातल्या नऊ गेल्या असं धरायचं, आपा. बाकीच्या सगळ्या हिवाळ्यांचे आकडे एकत्र करायचे आणि सारखे वाटायचे.

अनारकुल : कोण म्हणालं नऊ गेल्या?

एलनुरा : कुणी नाही. म्हणून तर...

अनारकुल : मग काढ ते.

एलनुरा : पण आपा, रिकामी जागा असली की पुढचं गणित अडतं.

अनारकुल : अडू दे! बाकीच्या बऱ्या वर्षांनी मिळून त्या वर्षावर पांघरूण घालायचं? हे शिकवतो का तो टकला?

बुरुल : एलनुरा, सहावा धडा शेवटपर्यंत पाहिलास?

एलनुरा : शेवटी नेट गेलं होतं.

बुरुल : शेवटी तो सांगतो, जागा योगायोगाने रिकामी राहिली असेल तरच सरासरी भरायची. कुणी विसरलं, कुणाची वही भिजली. वीस माणसं एकाच हिवाळ्याला योगायोगाने विसरत नाहीत. काढ ते नऊ.

एलनुरा : काढले. मग तिथे काय लिहू? सहा वाजायला चाळीस मिनिटं आहेत. कोरं ठेवलं तर लोक स्वतःच सरासरी भरतील, सगळेच भरतात. जगभर शिकवतील की नारीनच्या डोंगरात अठ्ठ्याहत्तर हे साधं वर्ष होतं.

अनारकुल : बुरुल, ही खरं बोलते?

बुरुल : खरं आहे.

अनारकुल : आमच्यात ज्या वर्षी कळपच गेला त्याचा आकडा कुणी तोंडातून काढत नाही. काढला की ते वर्ष वाट शोधत परत येतं म्हणतात.

बुरुल : तू मानतेस हे?

अनारकुल : नाही. पण आकडा सांगितला की पुढचा प्रश्न येतो.

बुरुल : मी नाही विचारणार पुढचा.

अनारकुल : तू संख्या शिकवतेस. तू विचारणारच. ...आम्ही वर हिवाळी तळावर होतो. वीस-बावीस घरं, एकमेकांपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. जानेवारीत पाऊस पडला. भर जानेवारीत! रात्री ते पाणी गोठलं, वर बर्फ पडला. बर्फ उकरला की खाली गवत दिसतंय, काचेखाली ठेवल्यासारखं, आणि मेंढीच्या खुरानं ती काच फुटत नाही. दहा दिवसांनी त्या एकमेकींची लोकर ओरबाडून खायला लागल्या. आमच्या सहाशे होत्या.

एलनुरा : आणि उरल्या?

अनारकुल : तीस.

एलनुरा : म्हणजे शंभरात पंच्याण्णव गेल्या. एजे, पंच्याण्णव लिहू?

बुरुल : थांब जरा.

अनारकुल : लिही. खरं आहे ते लिही. घोडे दोन होते, एक उभाच राहीना. तुझा बाप दुसऱ्यावर खोगीर घालून दारात आला. म्हणाला, अनारकुल, खाली जातो, काय आणू? एका घोड्यावर दोन्ही येणार नाहीत. गवताची गाठोडी आणू की डॉक्टर आणू?

बुरुल : डॉक्टर कुणासाठी?

अनारकुल : आला ना पुढचा प्रश्न. पोराला तीन दिवस ताप होता. पण त्या सकाळी हसला होता, कुरुताची सुकी दह्याची गोळी चोखत बसला होता. मला वाटलं उतरतोय. मी म्हटलं, गवत.

बुरुल : आपा...

अनारकुल : बापानं दोनदा विचारलं. दोनदा मीच म्हटलं. तो चार दिवसांनी आला. तोवर पोरगं गेलं होतं, आणि गवत खायला तीस मेंढ्या उरल्या होत्या. त्यानं मला जन्मभर एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

बुरुल : मला एवढंच माहीत होतं की माझ्याआधी कुणीतरी होतं. नाव कधी कुणी सांगितलं नाही.

अनारकुल : तू पहिलीत होतीस ते आठवतं? मी अडतिसाव्या वर्षी तुझ्या अंकलिपीवरून अक्षरं शिकले. एके दिवशी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि तू बघायच्या आत बाहीनं पुसलं.

बुरुल : आठवतं. मला वाटलं तुझं चुकलं.

अनारकुल : चुकलं नव्हतं.

एलनुरा : एजे, मी... तोक्तोबेक-आकेंच्या घरीही असंच काही असेल का? त्यांना फोन करू का आता?

अनारकुल : नको. त्याचं त्याला ठाऊक. त्याला सांगायचं असेल तेव्हा सांगेल. वीस कोरी राहू देत. माझं एक लिही.

बुरुल : वर टीप घालू आपण, एलनुरा. ही जागा विसरून कोरी राहिलेली नाही, तिथे सरासरी भरू नये. आणि उद्याचा वर्ग यावरच. व्हिडिओ लावायचा नाही.

एलनुरा : घातली टीप. आपा, तुमच्या आकड्यापुढेही टिपेची जागा आहे. तिथे काही लिहायचं का?

अनारकुल : इकडे सरकव ते यंत्र, बुरुल. मी लिहिते. ...ही अक्षरं अशी विखुरलेली का? आपली अंकलिपी रांगेत होती.

बुरुल : मी दाबू का?

अनारकुल : हात काढ.

एलनुरा : दहा मिनिटं आहेत, एजे.

बुरुल : लिहू दे तिला.

अनारकुल : वय काय लिहू? कागदानं दोन. माझ्या मोजणीनं तीन.

एलनुरा : बाकी सगळ्यांची आपण कागदाप्रमाणे केली, आपा. मघाशी तुम्हीच...

अनारकुल : बाकीच्यांचं ठीक आहे, ते म्हातारे होईपर्यंत जगले. याच्याकडे वर्षंच किती होती? त्यातलं पोटातलं मी सोडणार नाही.

बुरुल : तीन लिही, आपा.

अनारकुल : लिहिलं. आता वाच मोठ्यानं. चुकलं असेल तर सांग.

बुरुल : 'माझा मुलगा सामत, वय तीन, एकोणीस फेब्रुवारी एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर रोजी पहाटे वारला.'