ओढ्यापल्याडचा कंदील

(कोल्हापूर, राजारामपुरी. विश्वजितचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान. उजेड तपासायला म्हणून मागच्या गोडाऊनचं दार ओढून अंधार केलाय. बाकड्यावर विश्वजितची आई धोंडुबाई आणि चुलती कालिंदी बसल्यात. कालिंदीचा एक हात गळ्यात बांधलेला. समोर तीन कंदील.)

विश्वजित : ...आणि हा बघ. पांढराशुभ्र उजेड. लाईटवर चार्ज करायचा, मोबाईलपण याच्यावर लागतो. काकी, तू हाच घे. दुकानात सगळ्यात जास्त हाच खपतो.

कालिंदी : डोळ्यात टोचतोय रे. जरा लांब धर बगू.

धोंडुबाई : विश्वा, तुज्या काकीला सांग, कंदील डोळ्यात घालायचा नसतोय, दारातल्या सोप्यात टांगायचा असतोय.

कालिंदी : बाळा, तुज्या आईला सांग, मला कळतंय तेवढं.

विश्वजित : अगं, एका बाकड्यावर बसलाय दोघी! मधे मी कशाला? सकाळी राधानगरीहून निघाल्यापासून गाडीतपण तेच. ही म्हणते काच वर करायला सांग, ती म्हणते खाली करायला सांग. पोस्टमन झालोय नुसता.

धोंडुबाई : बडबड बास. तो दुसरा लाव, पिवळ्या उजेडाचा.

विश्वजित : आई, तुला कुठं घ्यायचाय? तू आता इथंच राहणार. फ्लॅटमध्ये लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे.

धोंडुबाई : मी ऱ्हाते म्हणाले न्हाय.

विश्वजित : मी म्हणालो. ठरलं ते ठरलं. काकीला कंदील देतो, तिला घरी सोडतो, येताना तुझं बोचकं घेऊन येतो. म्हशीचं वाडीतल्या आण्णाला सांगून ठेवलंय.

कालिंदी : म्हस बी इकणार?

विश्वजित : मग काय करू, तूच सांग. भर पावसात, जेवणवेळ उलटल्यावर, रानात गवे उतरलेत आणि आमची आई ओढ्यावरच्या साकवापाशी! आण्णाला सकाळी डेअरीला जाताना हिचं एक चप्पल सापडलं तिथं. कशाला गेलतीस विचारलं तर म्हणते, असंच. असंच कोण जातं त्या लाकडी पुलावर? मंदिर आहे काय तिथं?

धोंडुबाई : डॉक्टरनं सांगितलं न्हवं आज? डोकं ठिकाणावर हाय म्हणून.

विश्वजित : सांगितलं. म्हणून तर जास्त भीती वाटतीय. डोकं ठिकाणावर आहे, मग पाय का नव्हते? आजीचं असंच सुरू झालं होतं. रात्री उठून चालायला लागायची. शेवटी शेवटी मला म्हणायची, पावणं, कुठल्या गावचं तुमी?

कालिंदी : तुज्या आजीचं येगळं हुतं बाळा.

विश्वजित : सुरुवातीला सगळे असंच म्हणत होते.

धोंडुबाई : पिवळा लाव म्हटलं न्हवं?

विश्वजित : लावतो. हा तीन मोठ्या सेलचा. जुन्या पद्धतीचा, उजेड पांढऱ्याच्या निम्मा. गिऱ्हाईक हात लावत नाही याला.

धोंडुबाई : लांब न्हे. आजून. पार त्या खोक्यांच्या पल्याड.

कालिंदी : दिसतोय. बरा दिसतोय की! पांढरा पावसात नुसता पसरतोय, कुटनं येतोय त्येचा पत्ता लागत न्हाय. ह्यो एका जागी ऱ्हातोय.

विश्वजित : काकी, तुला स्वयंपाक करायचाय का ओढ्यापलीकडं दाखवायचाय?

कालिंदी : ...सैपाक.

विश्वजित : मग खोक्यामागनं कशाला बघतीस?

धोंडुबाई : गिऱ्हाइकाला एवढं इचारतोस? कसा चालतोय रे तुजा धंदा?

विश्वजित : बरं. हा पांढरा हातात धरून बघ, वजन बघ किती हलकं... आई! अगं टाकलास कशाला!

धोंडुबाई : फुटतोय का बघाय नगो? गेलं बग झाकण.

विश्वजित : नवा पीस होता तो!

धोंडुबाई : नवा हुता म्हणून तर कळलं. आण तो पिवळा. ...ह्यो बग. आदळला तरी लागलेलाच हाय.

कालिंदी : जमिनीवर आदळून काय कळतंय? माणसाच्या अंगावर आदळला तर टिकाय पायजे.

धोंडुबाई : विश्वा, तुज्या काकीला गप बसाय सांग.

विश्वजित : माणसाच्या अंगावर कंदील कशाला आदळेल?

धोंडुबाई : तिसरा कसला हाय?

विश्वजित : सोलर. वर पट्टी आहे बघ. दिवसा उन्हात ठेवायचा, रात्री लावायचा. सेल नको, लाईट नको.

धोंडुबाई : ऊन? आमच्यात? पावसाळ्यात?

कालिंदी : आमच्यात ऊन पावण्यागत येतंय बाळा. च्या होईस्तवर थांबत न्हाय. आन् ह्येची कडीबी बारकी हाय. तुज्या आईच्या सोप्यातल्या हुकाला बसायची न्हाय, तो जाड हाय.

विश्वजित : कुठला हुक?

कालिंदी : ...दारावरचा.

विश्वजित : काकी, तो हुक मी गेल्या दिवाळीत ठोकला. तुझ्या तेजस्वीच्या लग्नापासून तू आमचा उंबरा चढली नाहीस. जाड आहे का बारीक, ते तुला ओढ्यापलीकडनं दिसलं?

धोंडुबाई : दिसला आसंल. नजर चांगली हाय तिची.

विश्वजित : हां! आता मला संशय आला. एवढ्या वर्षांत तू काकीबद्दल एक शब्द चांगला बोलली नाहीस. आणि सकाळीपण तूच म्हणालीस, तिला गाडीत घे, खांदा दुखतोय तिचा. काकी, खांद्याला कसं लागलं म्हणालीस?

कालिंदी : गोठ्यात घसरले.

विश्वजित : आई, तुझ्या गुडघ्याला?

धोंडुबाई : गोठ्यात.

विश्वजित : एकाच रात्री, दोन गोठ्यांत, दोघी. म्हशींनी काय बैठक घेतलीती?

कालिंदी : सांग की आक्का.

धोंडुबाई : तू सांग. हुक तुज्या तोंडनं निगाला.

विश्वजित : ओ, थांबा! तुम्ही बोललात? एकमेकींशी?

कालिंदी : त्या रातीपासनं बोलतोय. चोरून. एवढी सालं तोंड फिरवून काढली, आन् एकदम चारचौघांत बोलाय लागलो तर वाडी हसंल की.

विश्वजित : कुठल्या रातीपासनं? काय झालं नीट सांगा.

कालिंदी : लाईट तर दोन दिस न्हवतीच. त्या राती तुज्या आईचा कंदील गेला. माझ्या चुलीपाशी खिडकी हाय न्हवं, तितनं पल्याडचा हिचा सोपा दिसतोय. दिवेलागणीला ही कंदील टांगती, मी माझा टांगते. बोलणं न्हाय, बगणं न्हाय. पन हिचा लागला की मी म्हणायची, चला, हाय म्हातारी. मग भाकरीला बसायची.

धोंडुबाई : म्हातारी कुणाला म्हणतीस?

कालिंदी : तुलाच. तर त्या राती हिचा लागलेला दिवा एकदम गेला. मिणमिणला न्हाय, काय न्हाय. तोंडावर हात ठेवल्यागत गप्प. वाट बगितली. भात उतरला, तरी लागंना. मग मनात नाय नाय ते याय लागलं. गवा शिरला आसंल, पडली आसंल, इचू चावला आसंल. डोसक्यावर घोंगडं घेतलं, माझा कंदील हुकावनं काढला आन् निगाले.

विश्वजित : एकटी? अगं कुणाला हाक मारायची की!

कालिंदी : कुणाला मारू? हाक मारायच्या अंतरावर ही एकलीच हाय. आन् हिलाच झालंय म्हटल्यावर?

विश्वजित : आणि आई, तू कशाला बाहेर पडलीस?

धोंडुबाई : कंदील इझला म्हणून हुकावनं काढला आन् चिमणी लावाय काडेपेटी हुडकत दारात आले. समोर बगते तर हिचा दिवा हुकावनं खाली आला, हालत हालत गेला आन् उसात गडप. वर्सानुवर्सं एका जागी असलेला दिवा, त्येला पाय कसं फुटलं? म्हटलं, हिला कायतरी झालंय, कुणीतरी वडून न्हेतंय. सुटले मी तशीच.

विश्वजित : अंधारात? कंदील विझलेला असताना?

धोंडुबाई : हातातच ऱ्हायला हुता. टाकाय कुणाला सुचतंय?

विश्वजित : पण काकी, तुझा तर लागलेला होता. ही तुला दिसली नाही?

कालिंदी : साकवाच्या तोंडाला पाय सटकला. कंदील चिखलात पडला, इझला. मी वाकून चाचपडतेय.

धोंडुबाई : आन् मी साकवावर. समोर काळं धूड, वाकलेलं, फूसफूस करतंय. म्हटलं, गवा! हातात काय हाय? कंदील हाय. हाणला.

कालिंदी : हितं बसला, खांद्यावर. मी वरडले, आई गं मेले! तर गवा म्हणतोय, कालिंदे, तू व्हय?

धोंडुबाई : हास, विश्वा. हास की. तोंड दाबून कशाला हासतोस? त्या घाईत माझं चप्पल गेलं, गुडघं फुटलं. मग एकमेकीला धरून माझ्या सोप्यापतूर आलो. चुलीपाशी बसलो. हिनं च्या केला. साखर कुटं ठेवलीया ते इचारलं बी न्हाय, बरोबर डब्यात हात घातला.

कालिंदी : डबा कुटं बदललास तू?

विश्वजित : थांबा. मला बसू द्या जरा. खोकं सरकवा ते. ...म्हणजे भ्रम नाही. आजीसारखं काही नाही.

धोंडुबाई : न्हाय रे बाबा.

विश्वजित : आई, मला झोप नाही गं त्या दिवसापासून. रोज रात्री वाटायचं, आता हिचा फोन येईल आणि विचारेल, कोण बोलतंय? हे मला सांगायला काय झालं होतं तुला? डॉक्टर झाला, तपासण्या झाल्या, तरी तोंड उघडलं नाहीस!

धोंडुबाई : काय सांगू? वऱ्हाडाची गाडी जिनं मला दारात सोडून न्हेली, तिच्यापायी मी अंधारात पळत सुटले म्हणून सांगू? लाज न्हाय वाटत माणसाला?

कालिंदी : आक्का...

धोंडुबाई : नवं लुगडं नेसून उभी हुते रे. हातात तेजस्वीच्या ओटीचा नारळ. गाडी फुडनं गेली, ही खिडकीत बसलीवती. एकाच्याबी ध्यानात आलं न्हाय. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, तरी धोंडुबाई कुटं हाय म्हणून कुणी इचारलं न्हाय. तो नारळ मी घरीच फोडला आन् एकलीच खाल्ला.

कालिंदी : मागच्या गाडीत असशील वाटलं. गडबडीत ऱ्हाऊन गेलं आक्का. मला चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. तू बोलणंच सोडलंस.

धोंडुबाई : जाऊ दे. आता काय त्येचं. तवा दिसभर कळलं न्हाय, आन् आता माझा दिवा जाऊन भात उतरतोय तोवर साकवावर! फिटलं म्हणायचं. वरनं कंदीलबी खाल्लास.

विश्वजित : पण तो कंदील गेलाच कसा? भारीतला दिलेला मी तुला. ह्या पांढऱ्याचाच भाऊ तो.

धोंडुबाई : दोन दिस लाईट न्हाय, तर त्यो कशावर फुगायचा? आन् मराय टेकलाय ते सांगत बी न्हाय. तुजी मेहेरबानी. माझं डोकं तपासत बसलास, तुजा कंदील तपास की आधी!

विश्वजित : ...बरोबर आहे. सेलचा मंद होत जातो, आधी कळतं. आणि सेल बदलता येतात.

कालिंदी : मग पिवळाच दे बाबा मला. एकच दे.

विश्वजित : एकच?

कालिंदी : ही हितं ऱ्हाणार म्हटल्यावर दुसरा कुणाला? बाळा, एक बोलू? तुजी आई हाय, तू न्हे, माझं काय म्हणणं न्हाय. तुजा जीव तुटतोय ते मला दिसतंय. पन पल्याडचा सोपा अंधारात गेला तर मी काय बगून भाकरी खाऊ? ती बोलत न्हवती तरी हुती. आता बोलाय लागली, आन् तू न्हेतोस.

धोंडुबाई : बग, रडवलीस पोराला.

विश्वजित : रडत नाही. धूळ आहे गोडाऊनमध्ये. आई, तुला जायचंच आहे ना?

धोंडुबाई : म्हस माझ्याबिगर पान्हा सोडत न्हाय.

विश्वजित : म्हशीचं नाव सांगू नको. तुला जायचंय?

धोंडुबाई : जायाचंय रे. तुज्या फ्लॅटात खिडकी उघडली तर समोरच्याचं बाथरूम दिसतंय.

विश्वजित : मग ऐका. पिवळे दोघींना दोन-दोन. एक हुकाला, एक उशाला. सेलचा अख्खा डबा देतो. आणि दिवा गेला तर बाहेर पळायचं नाही. दुसरा लावायचा आणि दारातनं हालवायचा. पलीकडनं तिनं हालवायचा. दोन्ही हालले की झोपायचं. कबूल?

कालिंदी : आन् हालला न्हाय तर?

विश्वजित : तर आण्णाला फोन.

धोंडुबाई : आण्णा येईस्तवर मी काय बगत बसू व्हय? मी जाणारच.

कालिंदी : मीबी.

विश्वजित : कठीण आहे तुमचं. बरं, निदान हाक मारत जा. हाणायच्या आधी नाव विचारा!

धोंडुबाई : ते बग, आता आठवणीनं इचारंन. चल, कंदील भर पिशवीत. दिवेलागणीच्या आत पोचाय पायजे.

विश्वजित : आणि हा फुटका पीस?

धोंडुबाई : ठेव दुकानात. फुडच्या गिऱ्हाइकाला दाखव, ह्यो नगो म्हणून.

विश्वजित : चला. गाडी दारातच आहे. काकी, तू पुढं बस, खांद्याला धक्का नको.

कालिंदी : थांब की जरा. आक्का, आधी तू बस.

धोंडुबाई : बस गं तू. हात दुखतोय तुजा. मी काय ऱ्हाते व्हय मागं?

कालिंदी : न्हाय. तू बस, दार लावून घे. मग मी बसते.