वायपरवर दही

...आणि वायपरला कुणी दही लावतं का हो? नाही, तुम्हीच सांगा! पूजा समजू शकतो, हार समजू शकतो, चाकाखाली लिंबू ठेवतात तेही समजू शकतो, पण जुनी गाडी एक्सचेंजमध्ये दिलीय, न्यायला आलेला माणूस चावी हातात घेऊन उभा आहे, आणि घरची बाई वाटीत दही घेऊन लिफ्टने खाली येते, ही कुठली तऱ्हा? पण संपतरावांच्या घरी हे घडलं, आणि त्या वाटीभर दह्याने पुढे आठवडाभर जो घोळ घातला ना, तो ऐकलात तर नवी गाडी घ्यायच्या आधी तुम्ही फ्रिजला कुलूप लावाल.

संपतराव आमच्या फरीदाबादच्या सोसायटीतले. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, मिशी अजून ड्युटीवर. बायको भीमाबाई. मुलगा राजवर्धन गुडगावला ऑफिसात, तोंडात सारखं ‘बाबा, प्रॅक्टिकल व्हा यार’. आणि चौथी होती सगुणा. सगुणा म्हणजे गाडी. निळी, छोटी, पेट्रोलची. पेन्शनीत आल्यावर घेतलेली पहिली गाडी, आणि घरात मुलगी नाही, म्हणून भीमाबाईंनी तिला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं. मग काय विचारता! सगुणाला ऊन लागतंय, सगुणाला सर्दी झालीय, सगुणाला आज बरं वाटत नाहीये, तुम्ही मेट्रोने जा. पाहुण्याने दार जरा जोरात लावलं की भीमाबाई त्याला चहा सुद्धा कमी साखरेचा द्यायच्या.

संपतराव मात्र फौजी माणूस. ते म्हणायचे, "लोखंड आहे ते." कुणी कौतुक केलं, लोखंड आहे ते. कुणी खरवडलं, लोखंड आहे ते. आणि पहाटे कुणी बघत नाही असं बघून स्वतःच्या जुन्या बनियनने तिची पाठ पुसताना कोण दिसायचं? हेच!

तर झालं काय, मागच्या संक्रांतीला दोघं निघाली पानिपतला. आपली इकडची मराठी माणसं जातात ना, तिथे पडलेल्यांना नमस्कार करायला, तशी ही दरवर्षी जातात. सोबत तिळगुळाचा डबा, थर्मास, सगळं. आणि धुकं! आता इथल्या जानेवारीचं धुकं मी तुम्हाला काय सांगणार, स्वतःच्या हाताची बोटं आहेत की नाहीत ते चाचपून बघावं लागतं. हायवेच्या ऐन मध्यावर सगुणाने मान टाकली. इंजिन बंद, दिवे बंद, मागचा लाल दिवासुद्धा बंद, आणि मागून धाडधाड ट्रक! संपतराव बॉनेटमध्ये डोकं घालून, आणि भीमाबाई मागे उभ्या राहून अंगावरची लाल शाल हलवतायत, थांबा म्हणून. एक ट्रक असा अंगावर आला आणि असा बाजूने गेला की शालीचं टोक वाऱ्याने उडालं. बस्स. दोघं घरी आली, तिळगुळ वाटला, गोड गोड बोलली, आणि त्या दिवसाबद्दल एकमेकांशी एक शब्द काढला नाही.

पण संपतरावांच्या पोटात जी भीती बसली ती उठेना. रणगाड्यांशेजारी झोपलेला माणूस, पण डोळा लागला की ती शाल दिसायची. त्यांनी ठरवलं, ही गाडी घालवायची. भीमाला पुन्हा तिच्यात बसवायचं नाही म्हणजे नाही. पण सांगायचं कसं? बायको जिला लेक म्हणते तिला घालवा म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? नशिबाने त्याच साली सगुणाला पंधरा वर्षं पूर्ण झाली, आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी म्हणजे दिल्लीच्या हिशोबात म्हातारी. तुम्हाला माहितीये इथलं, आज म्हणतात पंपावर पेट्रोल देणार नाही, उद्या म्हणतात थांबा जरा, परवा म्हणतात उचलून नेऊ. संपतरावांनी सगळं पाप सरकारच्या डोक्यावर घातलं. म्हणाले, माझा काय इलाज, मला तर ठेवायची होती! भीमाबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या भाजी निवडत राहिल्या. आणि तुम्हाला सांगतो, बायको काही बोलत नाही म्हटल्यावर माणूस जास्त घाबरतो.

मग शोरूम. तिथली पोरगी सांगतेय, सर ये पॅनोरॅमिक सनरूफ है. संपतराव म्हणतात, बेटा, जून महिन्यात फरीदाबादला कभी आयी हो? छताला भोक पाडून ऊन आत घेणारा माणूस मला दाखव! पण राजवर्धनने सनरूफवाली घ्यायलाच लावली. बिल्कुल प्रॅक्टिकल मुलगा.

आणि तो दिवस उजाडला. सगुणाला न्यायला आला रिंकू. रिंकू म्हणजे हा एवढा आडवा माणूस, जुन्या गाड्या घ्यायच्या आणि बाहेरच्या राज्यात पाठवायच्या हा धंदा. तो टायर बघतोय, बॉनेट वाजवतोय, आणि तेवढ्यात भीमाबाई आल्या नऊवारी नेसून. हेडलाइटना हळदकुंकू. पुढच्या सीटवर खण, नारळ, तांदूळ, रीतसर ओटी. आणि मग ती वाटी. आपल्याकडे घरातलं माणूस बाहेर निघालं की हातावर दही घालतात ना, सुखरूप परत ये म्हणून? आता गाडीला हात कुठले? भीमाबाईंनी ठरवलं, वायपर. दोन्ही वायपरवर एक एक चमचा. रिंकू हात जोडून म्हणतोय, "आंटीजी, शीशा गंदा हो जाएगा." आंटीजी ऐकतात होय? म्हणाल्या, ये हो बाळा.

रिंकू आत बसला, आणि सवयीने त्याने पहिला काय दाबला, तर वायपर! समोरची सगळी काच पांढरीफटक. मान खिडकीतून बाहेर काढून त्याने गाडी गेटाबाहेर नेली. संपतराव ताठ उभे. डोळे पुसतायत. मी म्हटलं, काय हो? म्हणाले, पोल्युशन आहे. लोखंड आहे ते, त्याला कोण रडतंय!

संध्याकाळी नवी गाडी दारात. लेक गेली म्हटल्यावर ही कोण? सून! भीमाबाईंनी पार्किंगच्या तोंडाशी तांदळाने भरलेलं माप ठेवलं. उजव्या चाकाने लवंडायचं आणि मग आत यायचं. संपतराव हळूहळू पुढे आणतायत, आणि माप जवळ आलं तशी गाडी किंचाळायला लागली. स्क्रीन लाल, पुढे अडथळा आहे म्हणून टीं टीं टीं टीं! घाबरून संपतरावांनी करकचून ब्रेक दाबला. पुन्हा पुढे, पुन्हा टीं टीं, पुन्हा ब्रेक. मागे गाड्यांची रांग, सगळे हॉर्न वाजवतायत, राजवर्धन म्हणतोय आई प्लीज ते उचल, आणि भीमाबाई कमरेला पदर खोचून उभ्या. म्हणतात, माप ओलांडल्याशिवाय माझ्या सासूनेसुद्धा मला आत घेतलं नव्हतं. शेवटी गाडी बंद केली, न्यूट्रलला टाकली, आणि आम्ही चौघांनी ढकलून त्या नव्याकोऱ्या गाडीला माप ओलांडायला लावलं. नवी गाडी, आणि पहिल्याच दिवशी धक्का!

एवढं करून भीमाबाई गाडीत बसेनात. चक्कर मारून येऊ म्हटलं तर गुडघा दुखतोय. सरोजिनी नगरला स्वेटर घ्यायला जाऊ म्हटलं तर नको, आहेत स्वेटर. संपतरावांचं तोंड एवढंसं झालं. ज्या बाईसाठी गाडी घेतली तीच बसत नाही! आणि त्यात रिंकूचे फोन. पहिला फोन, अंकलजी जॅक कुठेय? भीमाबाई पोळी तव्यावर टाकून धावत बाहेर, "परत आली का हो?" दुसरा फोन, अंकलजी दुसरी चावी? पुन्हा भीमाबाई दारात, परत आली का? रात्री संपतराव मला म्हणाले, वाट बघतेय हो ती. मी लेक तोडली तिची. म्हटलं, अहो लोखंड ना ते? तर माझ्यावरच डाफरले.

आणि मग तिसरा फोन. रिंकू रडकुंडीला आलेला. गाडी सुरूच होत नाहीये, काही ट्रिक आहे का, नाहीतर अंकलजी वापस ला रहा हूँ, मुझसे नहीं होगा. संपतरावांनी स्पीकरवर टाकला. म्हणाले, क्लच दाबा, डॅशबोर्डवर हलकी थाप मारा आणि ‘चल गं बाळा’ म्हणा. रिंकू म्हणतो, हिंदीत चालेल का? नाही चालणार, तिला सवय नाही! मग तिकडून त्या आडव्या माणसाचा आवाज, "चल ग बाला..." आणि घर्रर्र करून सुरू झाली की हो! पलीकडे रिंकूचा जयजयकार, आणि इकडे भीमाबाई मटकन खाली बसल्या, पदर डोळ्यांना.

संपतराव फोन ठेवून शेजारी बसले. तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या डोळ्यांपुढे तो ट्रक आला, ते धुकं आलं, ती शाल आली, आणि तरी तो म्हणाला, "भीमा, तू म्हणशील तर आत्ता जाऊन परत आणतो तिला."

भीमाबाईंनी पदर बाजूला केला. "खबरदार परत आणलीत तर!"

संपतराव म्हणाले, "मग ते दही?"

"अहो, हात गेला सवयीने. दही लावून बसले, आणि ती गेटाबाहेर गेल्यावर लक्षात आलं की मी काय केलं. आठ दिवस झोप नाही मला. फोन वाजला की धस्स होतं, आली बाई परत! त्या धुक्यात मी शाल हलवत होते ना, तेव्हाच ठरवलं होतं, हिच्यात पुन्हा तुम्हाला बसू द्यायचं नाही. पण तुमचा जीव तिच्यावर. पहाटे उठून बनियनने पुसता, मी काय बघत नाही? कसं सांगायचं तुम्हाला?"

बोला आता! वर्षभर एकाच पोळपाटावरची पोळी खाणारी ही दोन माणसं, दोघांच्या पोटात एकच भीती, आणि दोघं एकमेकांचं मन सांभाळत गप्प! संपतराव आधी हसले, मग रडले, आणि या वेळी पोल्युशनचं नावसुद्धा काढलं नाही. सुटलो, म्हणाले. नव्या गाडीत का बसत नव्हतीस, विचारलं, तर म्हणे, आपण हिला घेऊन बाहेर गेलो आणि तेवढ्यात ती परत आली, तर रिकामं पार्किंग बघून तिला वाटलं असतं आपली जागा अजून आहे. आता या तर्काला तुम्ही काय उत्तर देणार?

तर यंदाच्या संक्रांतीला निघाली दोघं पानिपतला. धुकं तस्संच. पण मागचे दिवे लखलखीत, आत गरम हवा, सीट मऊ, आणि भीमाबाई पहिल्यांदा पुढे बसलेल्या. दिल्ली ओलांडली नाही तोच संपतरावांना घर्रर्र ऐकू आलं. दचकून त्यांनी इंजिन ऐकलं. इंजिन शांत. बायको घोरत होती! आजवर गाडीत बसली की ही बाई डोळे सताड उघडे ठेवून जप करायची. संपतरावांना वाटायचं, काय भक्ती आहे! ती भक्ती नव्हती हो, ती धास्ती होती. आता तोंड उघडं टाकून लेकरासारखी झोपलेली. पानिपत आलं. संपतरावांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. गाडी लावली, हळूच दार लोटलं, एकट्यानेच जाऊन नमस्कार केला, परत येऊन बसले, आणि गाडी फरीदाबादकडे वळवली.

दिल्लीच्या सीमेवर भीमाबाईंना जाग आली. पदर सारखा केला, तिळगुळाचा डबा मांडीवर घेतला, आणि धुक्यात डोळे बारीक करून बघत त्यांनी विचारलं, "आलं का हो पानिपत?"

संपतराव म्हणाले, "येऊन गेलं."