डाव्या हातासाठी

शर्मिला : नको, माऊसची बटणं उलटी करू नका. आहेत तशीच राहू द्या. आधी प्रज्ञेशला उजव्या हाताने धरून पाहू दे.

रुमाना : ताई, दादांनीच मघाशी सांगितलं, डाव्या हाताला चालेल असा दाखवा म्हणून.

शर्मिला : त्याने सांगितलं असेल. डॉक्टरांनी वेगळं सांगितलंय. ज्या हाताला पक्षाघाताचा झटका बसला, त्याच हाताला काम द्यायचं. दुसऱ्या हाताची सवय लागली की तो हात कायमचा झोपतो.

प्रज्ञेश : डॉक्टरांनी नाही. फिजिओथेरपिस्टने. आणि मार्चमध्ये.

शर्मिला : मार्चमध्ये सांगितलेलं नोव्हेंबरमध्ये खोटं होतं का?

प्रज्ञेश : खोटं होत नाही. जुनं होतं.

रुमाना : तुम्ही आधी बसा बघू दोघं. दादा, तुम्ही ही खुर्ची घ्या, हिला टेकायला हात आहेत. ताई, तुम्हाला स्टूल चालेल ना? या वेळी तपकीर गल्लीतून चालत यायचं म्हणजे धडधाकट माणसाचीही परीक्षाच.

प्रज्ञेश : चालत नाही. ढकलत आणलं लोकांनी. आम्ही नुसते उभे होतो.

शर्मिला : हे चौथं दुकान आमचं. तीन ठिकाणी ‘गेमिंग माऊस’ म्हटलं की आधी याच्या केसांकडे बघतात, मग माझ्याकडे. एकाने तर विचारलं, ‘काका, कोणता गेम खेळता?’

प्रज्ञेश : मी सांगितलं. नोकरीचा.

रुमाना : पण मला खरंच सांगा, गेमिंगचाच कशाला? साधा माऊस दोन्ही हातांनी धरता येतो, स्वस्तही पडेल. मी विकायला बसलेय, तरी सांगते.

प्रज्ञेश : एका हाताने कॉपी-पेस्ट करून दाखवा. डावा हात माऊसवर. कीबोर्डवर कुठला?

रुमाना : हं. आलं लक्षात. म्हणजे बाजूला जास्तीची बटणं हवीत. एकावर कॉपी, एकावर पेस्ट.

प्रज्ञेश : एकावर सेव्ह. आणि हे सगळं माऊसच्या आतच साठायला हवं. लॅपटॉप ऑफिसचा आहे. त्यावर आपल्याला काही टाकता येत नाही. स्क्रीनवरचं चित्र बदलायचं तरी अर्ज.

रुमाना : मग गेमिंगचाच घ्यावा लागेल, बरोबर आहे तुमचं. त्यातल्या काहींना स्वतःची मेमरी असते. मी इथे माझ्या कॉम्प्युटरवर बटणं ठरवून देते. मग तो कुठल्याही लॅपटॉपला लावा, ठरवलेलंच करेल. हा बघा, हा त्यातला चांगला.

शर्मिला : अहो, हा पेटला की! लाल, हिरवा, जांभळा... हे दिवे कशाला? माऊस आहे की गणपतीचा देखावा?

रुमाना : मुलांना आवडतात, ताई. दिवे नसलेला ठेवला तर विचारतात, बंद पडलाय का?

प्रज्ञेश : हा नको. याचा आकार उजव्या हाताचा आहे. अंगठ्याची खोबण डावीकडे.

रुमाना : खरंय. हा डाव्या हातात धरला की बटणं करंगळीखाली जातात. काय आहे दादा, निम्म्याहून जास्त माल असाच येतो. डावखुऱ्यांसाठी बनवणारे फार थोडे, आणि बनवला तर आमच्यापर्यंत पोचत नाही.

शर्मिला : बघ. कंपन्यासुद्धा उजव्या हाताचेच बनवतात.

प्रज्ञेश : कंपन्यांना झटका आला नव्हता.

शर्मिला : तुला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचंच असतं. रुमाना... रुमानाच ना? बाहेर पाटीवर अल्लाबक्ष आहे, पण आतून तुम्हाला कुणी रुमाना म्हणून हाक मारली मघाशी.

रुमाना : हो. अल्लाबक्ष माझे अब्बा. आता दुकानात येत नाहीत, नजर गेली. पण घरी बसून फोनवर सगळं विचारतात, कोण आलं, काय नेलं, कुणी घासाघीस केली.

प्रज्ञेश : त्यांना सांगा, प्रज्ञेश आला होता. कर्वेनगरचा. कॉलेजात होतो. पहिला माऊस इथूनच. गोळीवाला.

रुमाना : गोळीवाला! म्हणजे खालून रबरी गोळी काढून तिला चिकटलेला मळ साफ करायचा, तो?

प्रज्ञेश : तोच. तुमचे अब्बा म्हणाले, नखाने खरवडू नकोस, काडीने काढ. तुम्ही काउंटरवर बसून बिस्किटं खात होतात. सगळ्या काउंटरभर चुरा.

रुमाना : म्हणून आमच्याकडे आलात होय! मग तीन दुकानं का पालथी घातलीत?

प्रज्ञेश : वाटलं, इथे ओळख निघेल. मग ‘काय झालं, कधी झालं’ सुरू होईल. आज ते नको होतं.

रुमाना : मी विचारलं नाही हं.

प्रज्ञेश : नाही. म्हणून मीच ओळख सांगितली.

शर्मिला : सांगतोयस तर पूर्ण सांग. फेब्रुवारीत झटका आला. चालणं परत आलं, बोलणं परत आलं, तुटक का होईना. कंपनीने इतके दिवस सांभाळून घेतलं. आता सोमवारपासून महिनाभर बोलावलंय. टेस्टिंगचं काम देणार, जमतंय का बघणार. नाही जमलं तर, ‘सर, तुम्ही आता तब्येतीकडे लक्ष द्या.’ असं गोड बोलून दार लावतात. आणि हे सांगणारी मुलगी याच्याच हाताखाली तयार झालेली.

प्रज्ञेश : चांगली मुलगी आहे. तिलाही वरून कोणीतरी विचारतंय.

रुमाना : मग ताई, दादा म्हणतात तसं डाव्या हाताचंच बघितलेलं बरं नाही का? सोमवार जवळ आला.

शर्मिला : डाव्याने महिना निघेल हो. मला कळतं ते. पण त्यानंतर उजवा कधी यायचा? आत्ता कुठे बोटं हलायला लागलीत. मी रोज पहाटे उठवते याला. पातेल्यात राजमा आणि वाटाणे एकत्र करून ठेवते, ते याने उजव्या हाताने वेगळे करायचे. मग चेंडू दाबायचा. मग टॉवेल पिळायचा. त्यानंतर माझा डबा, मग माझी शाळा. एक दिवस चुकवला नाही आम्ही.

प्रज्ञेश : त्या राजम्याची आता उसळही होत नाही आमच्याकडे. बघितला तरी हात दुखतो.

शर्मिला : हसण्यावारी नेऊ नकोस. दिवाळीनंतर बोटं मिटायला लागली आहेत की नाही? खरं सांग.

प्रज्ञेश : शर्मिला, घरी बोलू.

शर्मिला : घरी तू बोलतच नाहीस. रुमाना, तो साधा माऊस द्या बरं इकडे, तो कॉम्प्युटरला लावलेला. प्रज्ञेश, हात वर घे. एकदाच. माझ्यासाठी.

प्रज्ञेश : घे. तूच उचल.

शर्मिला : हं. तळवा असा. हे बोट इथे, हे इथे. आता पुढे सरकव. हळूहळू. बघ! बघ, हलला बाण. रुमाना, बघितलंत ना तुम्ही? हलला ना?

रुमाना : हलला, ताई.

प्रज्ञेश : आता तुझा हात काढ.

शर्मिला : मी नुसता आधार दिलाय.

प्रज्ञेश : तोच काढ.

शर्मिला : काढला. हं. आता सरकव... अरे, सरकव ना. थकलायस तू, गल्लीत फार वेळ उभा राहिलास.

प्रज्ञेश : थकलो नाही. म्हणजे, थकलोय. पण हे त्यामुळे नाही. घरीही असंच असतं. तू माझी बोटं मिटवतेस. आणि म्हणतेस, मिटली.

रुमाना : मी... आत एक जुना माल ठेवलाय, तो बघून येते. तुम्ही बसा.

शर्मिला : तुला माहीत होतं?

प्रज्ञेश : हात माझा आहे.

शर्मिला : मग इतके दिवस बोलला का नाहीस? मी वेड्यासारखी राजमा मोजत बसले रोज. कालच्यापेक्षा आज दोन जास्त, म्हणून आईंना फोन करून सांगत होते.

प्रज्ञेश : तू अंधारात उठत होतीस. गॅस पेटवून पाणी तापवत होतीस. माझा हात त्यात शेकायचीस. तेव्हा तुला काय सांगू?

शर्मिला : सांगायचं. ओरडायचं माझ्यावर.

प्रज्ञेश : ओरडायला वाक्य लांब लागतं.

शर्मिला : पुन्हा विनोद.

प्रज्ञेश : विहारात वंदनेला तू माझा उजवा हात उचलतेस. डाव्याला लावून धरतेस. वंदना संपेपर्यंत. लोकांना वाटतं, मी हात जोडलेत. मला बरं वाटायचं ते. खरंच. पण भाचीच्या, पूर्वाच्या लग्नात आपण न जेवता आलो. डाव्या हाताने जेवताना चारचौघांनी बघू नये म्हणून. रिक्षात तू भुकेने गप्प होतीस. तेव्हा ठरवलं, आता पुरे.

शर्मिला : मी भुकेने गप्प नव्हते.

प्रज्ञेश : मग?

शर्मिला : मलाही दिसत होतं. रोज दिसत होतं. तू चेंडू दाबत नाहीस, मीच दाबतेय, हे काय कळत नाही का? मला वाटायचं... सायकल शिकवताना मागून सीट धरतात ना? एखाद्या सकाळी मी न सांगता हात सोडेन आणि तू दाबत राहशील. तुला कळणारही नाही की मी सोडलाय.

प्रज्ञेश : सोडून बघितलास कधी?

शर्मिला : नाही. धीर झाला नाही.

प्रज्ञेश : व्यायाम करीन मी. सोडणार नाही. पण दुपारी, तू शाळेत असतेस आणि माझ्यासोबतीला मदतनीस येतो तेव्हा. पहाटे तू झोप.

शर्मिला : झोप येत नाही आता. जाग येतेच.

प्रज्ञेश : मग नुसती पडून राहा. ते तरी कर.

(रुमाना आतून धूळ बसलेला एक खोका घेऊन येते.)

रुमाना : सापडला. कॉलेजच्या एका मुलाने मागवला आणि नेलाच नाही. हा दोन्ही बाजूंनी सारखा आहे, आणि बटणंही दोन्ही बाजूंना. डाव्या हातात धरला की ही दोन अंगठ्याशी येतात. त्यांच्यावर कॉपी आणि पेस्ट. पलीकडच्यांपैकी एकावर सेव्ह. वायरचा आहे, पण तेच बरं. चार्ज करायचं लक्षात ठेवायला नको आणि तो इवलासा रिसीव्हर एका हाताने लावायला-काढायला नको.

शर्मिला : आणि दिवे?

रुमाना : आहेत, पण बंद करता येतात. बंदच करून देते. दादा, धरून बघा.

प्रज्ञेश : हं. बसतो हातात. पण डावाही फार हुशार नाही. बघा, फाईल उचलली आणि मध्येच सांडली.

रुमाना : वेग जास्त आहे म्हणून. गेम खेळणाऱ्यांना लागतो तो. कमी करते. आता?

प्रज्ञेश : आता गेली. नको तिथे गेली, पण गेली.

शर्मिला : सोमवारपर्यंत जमेल?

प्रज्ञेश : माहीत नाही.

शर्मिला : ‘जमेल’ म्हणायला काय होतं?

प्रज्ञेश : आत्ताच तर ठरलं ना, खरं बोलायचं.

शर्मिला : बरं. द्या हाच. पावती कंपनीच्या नावाने नको, याच्याच नावाने करा.

प्रज्ञेश : हे कार्ड. डावा हात आहे, राग मानू नका.

रुमाना : राग कसला, दादा? दिवसभर लोक फोनवरून पैसे पाठवतात. कुणी कुठल्या हाताने दिले, मला काय कळणार?

शर्मिला : प्रत्येकाला असंच सांगतो हा. भाजीवाल्याला, कंडक्टरला, बँकेतल्या शिपायालासुद्धा. मलाच ऐकून ऐकून शरमल्यासारखं होतं.

प्रज्ञेश : परत नाही म्हणणार. हे शेवटचं. जुन्या ओळखीच्या दुकानात म्हणून चालून गेलं.

रुमाना : अब्बांना सांगते, तुम्ही आला होतात. आठवण निघाली की मला बिस्किटांवरून बोलणी बसतील, तेवढं सोडलं तर खूश होतील. हं, बाजूची बटणं झाली. दिवे बंद केले. वेग कमी केला. आता वरची दोन राहिली. क्लिक करायचं बटण तर्जनीखाली यायला हवं, म्हणजे उजवं ते डावं करावं लागेल. मघाशी तुम्ही नको म्हणाला होतात, म्हणून विचारते. उलटी करू का, ताई?

प्रज्ञेश : तिला नका विचारू. मी...

शर्मिला : करा.

रुमाना : केली. हे माऊसमध्येच राहील. कधी परत सरळ करायची झाली तर घेऊन या, लगेच होतं.

शर्मिला : बघू, मला जरा बघू दे. घरी काही अडलं तर मलाच बघावं लागणार. हे काय उघडलं? मी नुसतं दाबलं तर ही भलतीच यादी आली.

रुमाना : तुम्ही उजव्या हाताने धरलाय, ताई. डाव्याने धरा.

शर्मिला : हो की. डाव्याने... अगं बाई, हा कुठे चाललाय? मी इकडे नेतेय आणि हा पार कोपऱ्यात. बोटच सापडत नाहीये कुठलं दाबायचं ते. असं होतं का रे तुला? सारखं?

प्रज्ञेश : थांब. घट्ट धरू नकोस. बोटं मी ठेवतो.