हद्दीतले आकडे

मेहुणी: आणि मग?

मी: मग काय. पंपाचा शाफ्ट हातात होता. सुपरवायझर स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आला. तो कधी खुर्ची सोडत नाही. मी म्हटलं, लॉट अजून मोजून व्हायचाय. तो म्हणाला, राहू दे, घरी जा, शेजारच्या वहिनींचा फोन आलाय. काय झालं विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाला, मिसेसना बरं नाहीये.

मेहुणी: तेव्हाच कळलं असेल तुम्हाला.

मी: नाही. मी आधी उरलेले चार शाफ्ट मोजले.

मेहुणी: भाऊजी.

मी: चारच होते. लॉट अर्धा टाकून उठायची सवय नाही. सही केली, हात धुतले, मग निघालो. घरी आलो तर दार उघडं, दारात चपलाच चपला, आणि आत तू. अंगावर लॅबचा पांढरा कोट. तो बघितला आणि कळलं. तू कोट घालून रस्त्यावर येणारी नाहीस.

मेहुणी: काढायचं सुचलंच नाही. एका बाईच्या दंडाला पट्टा बांधलेला होता, तो सोडला आणि पळत सुटले. (चहाचा कप बाजूला सरकवते.) ताई जाऊन सात महिने झाले, आज पहिल्यांदा बोलताय हे. मी दोनदा विचारलं, तर तुम्ही पंखा खाली उतरवून तेल घालत बसलात.

मी: आवाज करत होता तो.

मेहुणी: बरं. आज का बोलावलंत? अर्धी रजा टाकून आलेय. फोनवर म्हणालात, सुईबाई, येताना जवळचा चष्मा आण. मला वाटलं, सुईत दोरा ओवून हवाय.

मी: पोरीचा रिपोर्ट आलाय. तिच्या ऑफिसात सगळ्यांचं रक्त तपासलं. सकाळी मला पाठवला आणि खाली लिहिलंय, बाबा, बघून सांगा, पास की नापास. संध्याकाळपर्यंत फोन करते म्हणाली.

मेहुणी: मावशी लॅबमध्ये आहे, पण विचारणार बाबांना. तुमच्या घरात हे असंच. साधा ताप आला तरी थर्मामीटर तुम्ही वाचणार.

मी: आकडे मी बघतो, हे घरात आधीपासून आहे.

मेहुणी: माझ्या साखरपुड्यात तुम्ही नवऱ्या मुलाची उंची मोजली होतीत. दोन इंच खोटी सांगितली म्हणून.

मी: दीड इंच.

मेहुणी: दाखवा.

मी: हा मी कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घेतलाय. साखर ठीक. एकूण कोलेस्टेरॉल ठीक. ट्रायग्लिसराइड एकशे एकोणचाळीस, हद्द दीडशेची. एचडीएल त्रेचाळीस, चाळीसच्या वर हवं. एकाही आकड्यापुढे खूण नाही.

मेहुणी: हं.

मी: तू हं म्हणालीस.

मेहुणी: म्हणाले.

मी: नीट सांग. मी सकाळपासून हा कागद घेऊन बसलोय. पेन उघडलं आणि हात पुढे जाईना.

मेहुणी: या दोन आकड्यांचा भागाकार करा. एकशे एकोणचाळीस भागिले त्रेचाळीस.

मी: तीन पूर्णांक दोन दशांश.

मेहुणी: इतक्या पटकन?

मी: सकाळीच करून ठेवलाय. तू एकदा म्हणाली होतीस, काही डॉक्टर हा भागाकार बघतात म्हणून. त्याचा अर्थ काय, तेवढं तेव्हा मी विचारलं नव्हतं.

मेहुणी: साधं आहे. ट्रायग्लिसराइड म्हणजे खाल्लेल्यातलं जे वापरलं गेलं नाही, ते चरबी होऊन रक्तात फिरतं. एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल. पहिलं वर चढायला लागलं आणि दुसरं खाली यायला लागलं, की बऱ्याचदा आतमध्ये शरीर इन्शुलिनचं ऐकेनासं झालेलं असतं. साखर मात्र अजून वर्षानुवर्षं बरोबर दिसते. म्हणून दोघांचं गुणोत्तर बघतात. दोनच्या आत असलं तर बरं. तीनच्या वर गेलं तर डॉक्टर कंबर मोजतात, रक्तदाब बघतात, घरात कोणाला काय होतं ते विचारतात. हा काही निकाल नाही, भाऊजी. पण विचारायला जावं, एवढं नक्की सांगतो तो आकडा. आणि ती चाळीसची हद्द पुरुषांची. बायकांना पन्नास हवं. आमच्या लॅबच्या कागदावरही सरसकट चाळीसच छापलंय. मी दोनदा मालकांना सांगितलं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं.

मी: म्हणजे दोन्ही आकडे कागदावरच्या हद्दीत, पण दोघं एकाच वेळी कडेला.

मेहुणी: तसंच.

मी: शाफ्ट वरच्या हद्दीवर आणि तो ज्यात फिरतो त्या बुशचं भोक खालच्या हद्दीवर. वेगवेगळे मोजले तर दोन्ही पास. पंपात बसवले की घट्ट. तासाभरात गरम होतात. हे मी एकतीस वर्षं नव्या लोकांना शिकवतोय. सुटा भाग बघू नका, जोडी बघा. पहिल्या दिवशी हेच सांगतो.

मेहुणी: पोरीचं काळजीचं नाही अजून. वय बत्तीस. चालणं, खाणं, झोप, सगळं हातात आहे.

मी: पोरीचं नाही बोलत मी. ही फाइल उघड.

मेहुणी: ताईचे रिपोर्ट.

मी: तीन वर्षांचे. वाच.

मेहुणी: एकशे अठरा, अठ्ठेचाळीस. एकशे तेहतीस, चव्वेचाळीस. एकशे अठ्ठेचाळीस, एक्केचाळीस. आणि प्रत्येकाखाली हे काय? ठीक. खाली तुमची सही, तारीख.

मी: अडीच, तीन, साडेतीनच्या वर. दर वर्षी अर्धा. मशीनवर असं दिसलं असतं, तर पहिल्या दोन आकड्यांवरच मी मशीन थांबवलं असतं. हत्यार झिजतंय म्हणून सांगितलं असतं, माल बाद व्हायची वाट बघितली नसती. घरात मात्र पट्टी लावून एकेक ओळ बघितली, ठीक लिहिलं आणि सही ठोकली.

मेहुणी: सही का पण? रिपोर्टवर?

मी: सवय. तिला हसू यायचं. शेवटच्या वेळी म्हणाली, म्हणजे यंदाही मला सोडलंत? मी म्हटलं, सोडलं. माल बाहेर जाऊ द्या.

मेहुणी: तिचं रक्त मी काढलं होतं. आकडे मशीनवरून उतरले तेव्हा मी बघितले. तिला फोनवर म्हणाले, डॉक्टरांना दाखवून ये. एकदाच म्हणाले. खांद्यावर फोन धरून, दुसऱ्याच कोणाची शीर शोधता शोधता. मी काय थोर आहे?

मी: तू म्हणालीस, म्हणून तिने नाव नोंदवलं.

मेहुणी: नोंदवलं आणि खोडलंही. हट्टी बाई. जिना चढताना थांबत होती, जेवली की डोळे मिटत होते, कपडे दर दोन महिन्यांनी उसवून घेत होती, आणि दवाखान्यातलं नाव स्वतःच्या हाताने काढून टाकलं. ते आठवलं की मला रडायच्या आधी राग येतो, खरं सांगते.

मी: तिने नाही काढलं.

मेहुणी: काय?

मी: नाव. मी काढलं.

मेहुणी: भाऊजी, काय बोलताय?

मी: गुरुवारी सहाची वेळ होती. रिपोर्ट बुधवारी आला. मी बघितला, सही केली. ती म्हणाली, मग उद्या जायचं ना? मी म्हटलं, कशाला? मोजून पास झालेला माल पुन्हा मोजायला कोण नेतं? त्या गुरुवारी आमच्या खात्यातला एकजण रिटायर होत होता. मला तिथे जायचं होतं, आणि तिला घेऊन जायचं होतं. ती दोनदा म्हणाली, जाऊन येऊ या का तरी, मला थकल्यासारखं होतं. दोनदा, सुईबाई. मी फाइल तिच्यासमोर धरली आणि म्हटलं, यात थकवा कुठे लिहिलाय दाखव. तिने फाइल मिटली. मग म्हणाली, फोन करून कळवा तरी, ते वाट बघतील. मी फोन केला. तिकडच्या बाईने कारण विचारलं. मी म्हटलं, पेशंट बरा आहे. त्यानंतर अकरा आठवड्यांनी तिचं हृदय थांबलं.

मेहुणी: थांबा. पोरगी तर दवाखान्यात जाऊन वही बघून आली होती. ताई गेल्यावर तिसऱ्या दिवशी. तिनेच सगळ्यांना सांगितलं, आईने नाव काढलं म्हणून.

मी: वहीत नाव खोडलेलं होतं. कोणी खोडायला लावलं ते वहीत नव्हतं.

मेहुणी: आणि तुम्ही तिथेच बसला होतात.

मी: या खुर्चीत.

मेहुणी: ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणत होती, आईला माझी पर्वा नव्हती, असती तर गेली असती. तुम्ही ऐकत होतात.

मी: मी पाणी प्यायला उठलो.

मेहुणी: सात महिने मी माझ्या बहिणीला शिव्या घालतेय. मेलेल्या बहिणीला. सकाळी बस पकडताना, कोणाच्या हातात सुई घालताना. आणि तुम्ही मला चहा करून देताय.

मी: हो.

मेहुणी: हो काय?

मी: दुसरं काय म्हणू? जे आहे ते आहे. त्या दिवशी बोललो असतो तर पोरगी माझ्याकडे कशी बघेल, एवढंच डोक्यात होतं. आई गेलीच होती. बापही जाईल असं वाटलं. मग दुसरा दिवस झाला. मग आठवडा. मग ते बोलायचं दारच बंद झालं.

मेहुणी: ताई गेली असती तर वाचली असती का, ते मी सांगू शकत नाही. डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. साडेतीनच्या वर असलेली कितीतरी माणसं सत्तरी पार करतात. तेवढं ओझं उगाच घेऊ नका.

मी: ते तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस.

मेहुणी: नाही. आज तुम्हाला बरं वाटावं असं मला अजिबात वाटत नाहीये. आहे ते सांगतेय. मरणाचं तुमच्याकडे किती आणि नशिबाकडे किती, ते मला माहीत नाही. पण पोरगी आईवर रागावून बसलीय, ते सगळं तुमच्याकडे.

मी: म्हणूनच तुला बोलावलं. तिला तो भागाकार तू समजावून सांगतेस का?

मेहुणी: भागाकार मी सांगेन. कंबर किती हवी, काय खावं, कधी परत तपासावं, सगळं सांगेन. ते सोपं आहे. नाव कोणी काढलं ते तुम्ही सांगायचं.

मी: मी सांगितलं आणि ती चिडली, आणि त्या रागात डॉक्टरकडे गेलीच नाही तर?

मेहुणी: पळवाट चांगली शोधलीत.

मी: शोधली नाही. सकाळपासून तीच समोर दिसतेय.

मेहुणी: फोन वाजतोय तुमचा. स्पीकरवर टाका. मी एक शब्द बोलणार नाही.

मुलगी: बाबा, जेवलात का? काय झालं माझं? पास?

मी: जेवलो. ऐक. आकडे छापलेल्या हद्दीत आहेत. पण मी ठीक म्हणणार नाही.

मुलगी: अरे देवा. तुम्ही आणि ठीक म्हणणार नाही? खूण तर एकही नाही.

मी: खुणेवर जाऊ नकोस. ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भाग. तीनच्या वर येतंय. दोनच्या आसपास हवं. घाबरायचं काही नाही, पण या आठवड्यात डॉक्टरांना दाखव. कंबर मोजायला सांग. आणि आईला काय झालं ते त्यांना सांग, त्यांना ते उपयोगी पडतं. बाकी तुझी मावशी समजावेल.

मुलगी: बरं. जाते.

मी: नक्की जा. मी ठीक म्हटलं असतं तरी जायचं. कधीही. मी काहीही म्हटलं तरी.

मुलगी: तुम्ही असं काय बोलताय आज?

मी: तुझी आई, त्या वेळी...

मुलगी: बाबा, आईचं नको ना. मी ऑफिसात आहे, इथे रडता येत नाही. मी जाणार आहे म्हटलं ना. शनिवारचं नाव नोंदवते आणि जाते. तिच्यासारखं नाही करणार मी. तुम्ही एवढं लक्ष देता सगळ्यांच्या रिपोर्टमध्ये, तिनेच ऐकलं नाही, त्याला तुम्ही काय करणार?

मी: तसं नाहीये ते.

मुलगी: असू दे. मीटिंग सुरू होतेय. रात्री नीट झोपा. ठेवते.

मी: ठेव.

मेहुणी: भाऊजी.

मी: डॉक्टरकडे जाईल ती.

मेहुणी: ते ऐकलं मी.

मी: नाव मी काढलं होतं, ते सांगायचं राहिलं.