मनकर्णाबाईच्या कुरड्या

धामणगाव स्टेशनावर कुंदाताईंनी सुएझच्या लढाईची बातमी वाचायला घेतली खरी, पण कान शेजारच्या बाकावरच्या दोघींकडेच लागले.

"मनकर्णाबाई, टोपलंभर कुरड्या कोनासाठी वो?"

"मुंबईच्या विमावाल्या सायबासाठी."

"काहून?"

"त्यानं जहाजाचा लढाईचा विमा कराले नाही म्हटलं. मंग मालकानं जहाज सुएझले धाडलंच नाही. माहा पोरगा जानराव त्याच जहाजावर खलाशी हाये."

"मंग देवाचा नवस फेड ना."

"गेल्या महिन्यात नागपुरात धम्म घेतला, तवाच नवस सोडले. आता ज्यानं वाचवलं, त्याच्याच दारी जातो."

"त्यानं तं कंपनीचं नुकसान वाचवलं. जानराव त्याले काय माईत?"

"म्हनूनच चालली. सांगतो त्याले, जहाजावर कोन होतं थे."