कौलांखालचं प्लास्टिक

— नाही नाही, तो मापाचा टेप ठेव खिशात, फिरमिन. ढाबळ कुठे पळून चाललीय? आधी कॉफी घे, गोडलीवने खास तुझ्यासाठी दिलीय — मला म्हणाली, एकोणतीस कबुतरं मेली बिचाऱ्याची, जरा नीट बोल त्याच्याशी. बायको माझी, काळजी तुझी. तर शनिवारी तुझ्या वडिलांच्या हातची ढाबळ ओल धरते म्हणून पाडणार, आणि माझ्यासारखी बांधणार — ठरलंच म्हणतोस?

बरं, ओलीचं सांगतो. ओल बाहेरून कमीच येते, पाखरांच्या श्वासातूनच येते. पन्नास पाखरं रात्रभर श्वास सोडणार, ती वाफ जायला वाट नको? खालून, जमिनीलगत वारा आत यायचा, वर कौलांच्या फटींतून बाहेर जायचा — पण पाखराच्या अंगावर झोत नको. फळीवर हात फिरव. कोरडी? झालं, एवढंच शास्त्र. आणि हे मला शिकवलं कुणी — तूच ना, वीस वर्षांपूर्वी, चर्चमागच्या कॅफेत, माझ्याच पैशाची बिअर पिऊन.

काय बघतोस? कौलांखालची जाळी? हो, नवी आहे. खिळेही चकाकतायत, दिसतंय मला. जूनमध्ये बसवली. त्याआधी — त्याआधी तिथे प्लास्टिक होतं, नव्या गादीवरचं. सगळ्या फटी बुजवल्या होत्या मीच. उबेत पाखरं लवकर रंगात येतात म्हणतात ना, आणि मला फ्रान्समधून सुटणारी ती बूर्जची शर्यत एकदा तरी तुझ्या पुढे संपवायची होती. आठवड्यात भिंतींना घाम फुटला, मका बुरसला, आणि त्या काळ्या नराच्या घशात घरघर सुरू झाली. ऐकली मी. कानाशी धरून ऐकली. तरी शुक्रवारी त्याला कॅफेत नेलं, शर्यतीची पाखरं जमा करतात तिथे. टोपल्या भरणाऱ्याने विचारलं, तब्येत ठीक? म्हटलं, ठणठणीत. अख्ख्या गावाची पाखरं एकाच ट्रकने जातात, त्याच्याच टोपलीत तुझी निळी मादी होती — मला माहीत नव्हतं? होतं. दोघं एकाच भांड्यातलं पाणी पीत होती आणि मी बघत उभा होतो.

शेवटून तिसरा आला तो. आणि वाचला, बघ, तो बसलाय वरच्या फळीवर. तुझी निळी घरी आली, आणि दहा दिवसांत तुझ्याकडे मरायला सुरुवात झाली.

मग तू आलास. म्हणालास, ओडिलॉन, माझ्याच ढाबळीत ओल असणार, मीच कुठेतरी चुकलो. आणि मी म्हणालो, असेल. असेल म्हणालो मी, फिरमिन. चार महिने तू दिसलास की मी रस्ता बदलतो. लाज वाटते रे, गोडलीवलासुद्धा सांगितलं नाही. तुझ्या ढाबळीत काही खोट नाही, ती पाडू नकोस. एवढं ऐक.

शिवी दे.

कॉफी तशीच राहिली तुझी — बरं, जा. दार तेवढं लावू नकोस, हवा खेळू दे, पाखरं आत —

लावलंस.